शस्त्र, किरण आणि प्रतिमा

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हा रोग्याच्या उदरात किंवा अस्थीत नेमका बिघाड कोठे आहे हे जाणण्यासाठी शल्यचिकित्सकापाशी स्वतःचे डोळे, कान आणि बोटे यांखेरीज दुसरे साधन नव्हते. कारण ज्या किरणांनी जिवंत देहाच्या अंतर्भागाचे दर्शन शक्य केले, ते क्ष-किरण व्हिल्हेल्म रंटगेन यांना वुर्ट्‌झबुर्ग येथे आढळले ते त्यानंतरच्या वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढे मिरजेचा लौकिक वाढत गेला, कोकण आणि कर्नाटक या दोन्ही बाजूंचे रोगी रेल्वेने तेथे उतरू लागले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सांगली, मिरज, माधवनगर या परस्परांत मिसळत चाललेल्या वस्त्यांतील सामान्य माणसाच्या बोलण्यातही सोनोग्राफी, सीटी, एमआरआय हे शब्द घरगुती होऊन बसले. तथापि प्रतिमा पाहून रोग ओळखणे ही एक गोष्ट झाली, आणि त्याच प्रतिमेच्या आधाराने शस्त्र वा किरण चालवणे ही सर्वस्वी दुसरी. पहिलीत चित्र वाचले की काम संपते. दुसरीत चित्रातील बिंदू आणि टेबलावरील देहातील बिंदू एकच आहेत याची खातरजमा झाल्याशिवाय कामास आरंभही करता येत नाही. प्रस्तुत आढाव्याचा विषय ही दुसरी गोष्ट होय.

क्ष-किरणांचा शोध जाहीर होताच काही आठवड्यांच्या आत त्यांचा शल्यकर्मासाठी उपयोग झाला. फेब्रुवारी १८९६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे एका माणसाच्या पायात रुतलेली बंदुकीची गोळी पाऊण तास किरण सोडून काढलेल्या छायाचित्रात सापडली आणि त्याच्या आधारे ती काढण्यात आली. परंतु ते छायाचित्र म्हणजे अखेर सपाट सावलीच. गोळी डावीकडे की उजवीकडे हे ती सांगे, किती खोल हे सांगत नसे. खोलीचा हिशेब बसवण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लंडनमध्ये हॉर्स्ले आणि क्लार्क यांनी १९०८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी प्राण्याच्या डोक्याभोवती धातूची चौकट पक्की बसवून मेंदूतील प्रत्येक बिंदूस लांबी, रुंदी व उंची असे तीन आकडे दिले. मनुष्यावर ही रीत फिलाडेल्फियात स्पीगेल व वायसिस यांनी १९४७ साली अंमलात आणली. एवढे होऊनही मेंदू स्वतः दिसत नव्हताच. आसपासच्या खुणांवरून त्याच्या आतील जागांचा अंदाज बांधावा लागे. ती उणीव १ ऑक्टोबर १९७१ रोजी भरून निघाली. त्या दिवशी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेदचित्र काढले. ८० गुणिले ८० चौकोनांचे ते चित्र आजच्या दृष्टीने अगदी ओबडधोबड होते. पण त्यातला प्रत्येक चौकोन गणकयंत्राने गणित करून सिद्ध केलेला असल्यामुळे त्याचा पत्ता आकड्यांत सांगता येत होता. गणकयंत्र रुग्णालयात शिरले ते हिशेबनीस म्हणून नव्हे, तर या चित्राचे अविभाज्य अंग म्हणून, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

आता पत्ता मिळाला, पण तो कोणत्या मोजणीचा? भूमापन खात्याच्या नकाशावर शेताची हद्द कितीही रेखीव काढलेली असली, तरी जागेवर दोन-तीन हद्दीचे दगड निश्चितपणे ओळखू आल्याशिवाय मोजणीदाराला साखळी कोठून टाकावी हे कळत नाही, आणि दगड कोणी सरकवलेला असेल तर नकाशा जितका रेखीव तितका तंटा मोठा. शरीराच्या बाबतीत हे दगड म्हणजे नाकाचे टोक, कानाची पाळ, मणक्यांचे उंचवटे, किंवा मुद्दाम चिकटवलेल्या खुणा. चित्र आणि देह यांची ही जुळवणी हाच या सर्व तंत्रांचा आत्मा आहे, आणि तंत्र फसते ते बहुधा येथेच. यंत्राची जाहिरात मिलिमीटरच्या अंशांची भाषा बोलते. परंतु ती अचूकता यंत्राची असते, रोग्याची नव्हे, कारण रोगी श्वास घेतो, कूस बदलतो, खंगतो, आणि त्याची आतडी तर कोणाचाच हुकूम मानीत नाहीत.

या दृष्टीने पाहता अस्थिशल्यकर्म सर्वांत सुदैवी. हाड कठीण असते, ते आकार बदलीत नाही, आणि क्ष-किरणांत स्वच्छ दिसते. इंग्रजी सी या अक्षराच्या आकाराचा, रोग्याच्या भोवती फिरवता येणारा क्ष-किरण कॅमेरा, ज्यास सर्वत्र सी-आर्म म्हणतात, तो आता तालुक्याच्या गावीही आढळतो. मांडीचे हाड मोडले असता लहानशा छेदातून सळई आत सारून ती नेमकी पोकळीत बसली हे पडद्यावर पाहणे त्याच्यामुळेच शक्य झाले. माझ्या मते गेल्या अर्धशतकात प्रतिमेने मार्गदर्शन करणाऱ्या साधनांपैकी सर्वांत अधिक माणसांना आपल्या पायांवर उभे केले असेल तर ते या साध्या यंत्राने. परंतु ते जुने झाल्यामुळे त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही. मिरजेचे डॉ. गो. स. कुलकर्णी यांचे नाव भारतातील अस्थिचिकित्सेच्या इतिहासात निघते ते विशेषतः इलिझारोव्ह पद्धतीच्या संबंधात. सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली ही पद्धत, म्हणजे हाडातून आरपार तारा घालून त्या बाहेरच्या कड्यांना बांधणे आणि दररोज अंशाअंशाने ताणून वाकडे हाड सरळ व आखूड हाड लांब करणे, भारतात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते. तिच्यात पूर्वी कडी-सळयांची रचना वैद्याच्या अनुभवावर अवलंबून असे. १९९०च्या दशकात अमेरिकेतील टेलर बंधूंनी सहा तिरप्या दांड्यांची चौकट काढली, आणि क्ष-किरणचित्रांवरून घेतलेली मापे गणकयंत्रास दिली की कोणती दांडी कोणत्या दिवशी किती फिरवावी याचा तक्ताच ते लिहून देऊ लागले. रोग्याच्या घरची माणसे तो तक्ता पाहून दांड्या फिरवतात. शस्त्रक्रियेला गणकयंत्राने दिलेल्या मदतीचा याहून निगर्वी दाखला मला ठाऊक नाही.

मेंदूचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. १९८६ साली डॉ. डेव्हिड रॉबर्ट्स यांनी चौकटीवाचून मार्गदर्शनाची रीत दाखवली; शल्यचिकित्सकाच्या सूक्ष्मदर्शकाचे स्थान ध्वनिलहरींनी मोजून आधी काढलेल्या छेदचित्रातील गाठीची सीमा त्याच्या दृष्टिक्षेत्रात उमटवली जात असे. पुढे ध्वनीची जागा अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यांनी घेतली, आणि हातातल्या सळईचे टोक एमआरआयच्या चित्रात कोठे आहे ते पडद्यावर क्षणोक्षणी दिसू लागले. व्यवस्था मोहक खरी. पण कवटी उघडली की भोवतीचे द्रव निघून जाते, मेंदू आपल्याच वजनाने खाली बसतो, गाठीचा काही भाग काढला की उरलेला आणखी सरकतो, आणि सकाळी अचूक असलेला नकाशा दुपारी सेंटिमीटरभरही चुकीचा ठरू शकतो, तेही पडद्यावर त्याची कसलीही सूचना न देता. यावर एक उपाय बोस्टनमध्ये १९९०च्या दशकात योजण्यात आला, तो म्हणजे एमआरआयचे यंत्रच शस्त्रक्रियागारात आणून ठेवणे. त्याचा खर्च व त्यासाठी लागणारी खास बांधणी पाहता आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांना तो स्वप्नवतच आहे. दुसरा उपाय नॉर्वेतून आला: मार्गदर्शक प्रणालीला जोडलेली त्रिमितीय सोनोग्राफी, जिने शस्त्रक्रिया चालू असतानाच मेंदूची ताजी प्रतिमा वारंवार घेता येते. टाटा मेमोरियल केंद्रात डॉ. अलियासगर मोइयादी आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत मेंदूतील अर्बुदांवर चिकाटीने वापरून तिचे गुणदोष प्रसिद्ध केले आहेत. सोनोग्राफीची प्रतिमा एमआरआयइतकी देखणी नसते, ती वाचायला शिकावे लागते. पण ती खरी असते, कारण ती या क्षणाची असते. जुन्या सुंदर चित्रापेक्षा नवे धूसर चित्र अधिक भरवशाचे, हा धडा पुढे किरणोपचारातही पुन्हा भेटतो.

येथे यंत्रमानवासंबंधी एक खुलासा करणे अवश्य वाटते, कारण वर्तमानपत्री जाहिरातींनी बराच घोटाळा माजवला आहे. २००० साली अमेरिकेत परवानगी मिळालेले दा विंची हे यंत्र, किंवा अलीकडे गुरुग्राम येथे निर्माण झालेले मंत्र हे भारतीय यंत्र, स्वतःच्या बुद्धीने शस्त्रक्रिया करीत नाही. दुसऱ्या टोकाला बसलेल्या शल्यचिकित्सकाच्या हाताची हालचाल ते लहान प्रमाणात, कंप गाळून, आत पोहोचवते. ते हाताचे लांबवलेले रूप आहे, नकाशा नव्हे. गुडघ्याच्या सांध्याची यंत्रे मात्र आधी घेतलेल्या प्रतिमेवरून अथवा जागीच टिपलेल्या खुणांवरून हाड किती कापावे याची मर्यादा घालून देतात. ती खऱ्या अर्थाने या लेखाच्या कक्षेत येतात.

शल्यचिकित्सक चुकला तर निदान रक्त दिसते. किरणोपचार करणाऱ्याला तेवढेही दिसत नाही. किरण अदृश्य, गाठ अदृश्य, आणि परिणाम तर आठवड्यांनी किंवा वर्षांनी प्रकट होणारा. म्हणूनच प्रतिमेची गरज येथे अधिक मूलभूत आहे. आपल्या भागात ज्यास लोक ‘शेक देणे’ म्हणतात त्या या उपचारात पूर्वी शरीरावर शाईने चौकोन आखून, सावध राहण्यासाठी गाठीभोवती बराच निरोगी प्रदेश घेऊन कोबाल्टचे किरण सोडले जात. चौकोन मोठा असल्यामुळे नेम थोडा हुकला तरी गाठ त्यात राहीच. किंमत मोजावी लागे ती आतड्यांना, लाळग्रंथींना, मूत्राशयाला. सीटीमुळे गाठीचा आकार कळला, गणकयंत्रामुळे अनेक दिशांनी येणाऱ्या किरणशलाकांची बेरीज करता येऊ लागली, शिशासारख्या जड धातूच्या अनेक सरकत्या पट्ट्यांनी शलाकेला हवा तो आकार देता येऊ लागला. आणि १९९०च्या दशकात तर हिशेबाची दिशाच उलटली, म्हणजे कोठे किती मात्रा पोहोचावी व कोठे पोहोचू नये हे वैद्याने आधी सांगायचे, आणि ती साधण्यासाठी पट्ट्या कशा हलवाव्यात हे गणकयंत्राने शोधायचे. परिणामी मात्रेची सीमा गाठीच्या सीमेला चिकटून चालू लागली. पण जो चौकोन लहान केला त्याने चुकीला दिलेली सवलतही काढून घेतली. पूर्वी पाच मिलिमीटरची चूक पचत असे, आता तीच चूक गाठीचा एक कोपरा उपाशी ठेवते आणि शेजारच्या निरोगी अवयवाला भाजते. किरण धारदार झाला म्हणून दररोज पडताळणी अपरिहार्य झाली, हा कार्यकारणभाव ध्यानात न घेता जे केवळ यंत्राच्या नवेपणावर भाळतात त्यांची गल्लत होते.

पडताळणीचे मुख्य साधन म्हणजे उपचारयंत्रावरच बसवलेला, रोग्याभोवती फिरून शंकूच्या आकाराच्या किरणांनी सीटीसारखे चित्र घेणारा कॅमेरा, ज्याचा पाया डेव्हिड जाफ्रे आदींनी २००२च्या सुमारास घातला. उपचाराच्या मेजावर रोगी निजला की हे चित्र घ्यावे, आराखड्याच्या चित्राशी ते ताडून पाहावे, आणि अंतर पडले असल्यास मेज तितके सरकवावे, मगच किरण सोडावा. फुप्फुसातील गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून तेथे श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच किरण सोडण्याची तजवीज केली जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मूत्राशय भरलेले की रिकामे यावर सारी अंतर्रचना सरकते. त्यामुळे दररोज ठरल्याप्रमाणे पाणी पिऊन येण्याची सूचना रोगी स्त्रीस दिली जाते. दूरच्या गावाहून एसटीने आलेल्या, रस्त्यात पाणी पिणे टाळणाऱ्या बाईला ती सूचना कारणासह समजावून सांगणे हा मार्गदर्शनाचाच भाग आहे, जरी कोणतेही यंत्र तो करीत नसले.

एवढ्या खटाटोपाने खरोखर काय पदरात पडते? हा प्रश्न आपल्याच मातीत विचारला गेला आणि त्याचे उत्तरही येथेच मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईच्या परळ भागात १९४१ साली उघडलेले, पुढे १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवलेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघर येथील त्याचे संशोधनकेंद्र ॲक्ट्रेक यांनी या तंत्रांची पारख चिठ्ठ्या टाकून रोगी विभागण्याच्या कडक पद्धतीने केली. डॉ. राकेश जलाली व सहकाऱ्यांनी सौम्य व मंदगती मेंदूअर्बुदे झालेल्या २०० मुलांवर व तरुणांवर जुनी पद्धत आणि चौकटबद्ध, गाठीच्या आकाराची पद्धत यांची तुलना केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांच्या अखेरीस अंतःस्रावी ग्रंथींचा नवा बिघाड जुन्या पद्धतीत ५१ टक्के तर नव्या पद्धतीत ३१ टक्के आढळला, आणि बुद्धीचे रक्षणही नव्या पद्धतीत अधिक झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांवरील डॉ. सुप्रिया चोप्रा व सहकाऱ्यांची चाचणी तर थेट आपल्या विषयाचीच: प्रतिमेने मार्गदर्शित, मात्रेचा उतारचढाव साधणाऱ्या पद्धतीत तीन वर्षांनंतर आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास २१.१ टक्के स्त्रियांत, तर साध्या त्रिमितीय पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांत दिसला. डोके व मानेच्या कर्करोगातील डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या ६० रोग्यांच्या चाचणीत लाळग्रंथींचे तत्कालीन नुकसानही नव्या पद्धतीत स्पष्टपणे कमी भरले. ज्या देशात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग घरोघर ऐकू येतो, तेथे भाकरीचा घास गिळता यावा एवढी लाळ उरणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

मात्र या आकड्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसते, आणि ती लपवणे बरे नाही. या चाचण्यांत लाभ झाला तो त्रास कमी होण्याचा; रोगमुक्तीचे वा आयुष्याचे प्रमाण नव्या पद्धतीने लक्षणीय वाढल्याचे त्यांनी दाखवले नाही. याउलट त्याच टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रुझ व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले की तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मुख्य गाठीबरोबरच मानेतील ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रोगी जिवंत राहतात, आणि वाट पाहून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. लागला तो फक्त क्रमाचा विचार. प्रतिमेने रोगनियंत्रणच सुधारल्याचा ठळक दाखला मिळतो तो अंतर्किरणोपचारात, जेथे किरणोत्सारी मूलद्रव्य गाठीच्या आत वा शेजारी नेऊन ठेवतात: गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एमआरआयच्या आधारे हे काम केलेल्या १३४१ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात टाटा केंद्राचे डॉ. उमेश महांतशेट्टी सहभागी होते, पाच वर्षांनी ९२ टक्के जणींत गाठ स्थानिकरीत्या आटोक्यात राहिली. एमआरआय नसेल तेथे सोनोग्राफीने ते काम कितपत भागते याचाही शोध डॉ. महांतशेट्टी यांनी घेतला. जिल्ह्याच्या ठिकाणांना तोच अधिक उपयोगी पडेल.

गणकयंत्रावर किती विसंबावे याचा निकाल एका दुर्दैवी प्रकरणाने पूर्वीच लावून ठेवला आहे. थेरॅक-२५ या उपचारयंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रोग्यांना अतिप्रचंड मात्रा दिली, आणि त्यांतील काही दगावले. आधीच्या नमुन्यात चुकीच्या स्थितीत किरण अडवणारे यांत्रिक अटकाव होते. या यंत्रात ते काढून टाकून सगळी राखण आज्ञावलीवर सोपवली होती, आणि चालकाने पडद्यावरील नोंद झपाट्याने दुरुस्त केली की आज्ञावलीतील दोष जागा होई. आज सीटीवर अवयवांच्या सीमा आखण्याचे काम कृत्रिम बुद्धी करू लागली आहे, आणि त्यात वैद्याचे तास वाचतात हे खरे. पण तिने आखलेली रेषा सुबक असते, आणि सुबक रेषेवर शंका घेण्याचा कंटाळा येतो.

यंत्रे आपल्याकडेही बनतात. मुंबईच्या समीर या संस्थेने सिद्धार्थ हे रेखीय त्वरक यंत्र तयार केले, आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात चालवले गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्टयंत्र सिद्ध केले, आणि ते व्हिएतनामपर्यंत गेले. कोबाल्ट की त्वरक, असा वाद आपल्या देशात वर्षानुवर्षे चालतो. कोबाल्टचा किरण विजेवाचूनही निघतो, यंत्र सोपे, बिघाड थोडे; पण त्याची शक्ती दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते, म्हणजे शेक देण्याचा वेळ वाढत जातो आणि गोळी बदलावी लागते. त्वरकाला स्थिर वीज, थंड पाणी आणि हाकेच्या अंतरावर अभियंता हवा. ज्या भागाने भारनियमन भोगले आहे त्यास या युक्तिवादाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. तरीही पडताळणीची प्रतिमा घेणारा त्वरक जेथे नीट चालवता येतो, तेथे वरील चाचण्या पाहता तोच पत्करावा, असे मला वाटते. जेथे त्याची निगा राखता येणार नाही, तेथे बंद पडलेल्या उत्तम यंत्रापेक्षा चालू साधे यंत्र बरे. २०२३पासून खारघरला प्रोटॉनकिरणांचा उपचारही सुरू झाला आहे. ठरावीक खोलीवर थांबणारा हा किरण लहान मुलांच्या अर्बुदांत मोलाचा ठरू शकतो. पण जो किरण एका जागी थांबतो, तो चुकीच्या जागीही तितक्याच निश्चितपणे थांबतो, म्हणून त्याला पडताळणी सर्वांत अधिक लागते.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ येथून मिरजेस येणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने या सर्व प्रगतीचा सर्वांत ठोस लाभ कदाचित निराळाच असेल. पाच आठवड्यांत पंचवीस खेपा हा आजवरचा शिरस्ता. शेताची कामे, मजुरी, सोबतच्या माणसाचे खाणेराहणे यांत घर बुडते. नेम पक्का झाला की दर वेळची मात्रा वाढवून खेपा कमी करता येतात; प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पाचच खेपांत नेहमीच्या दीर्घ उपचाराइतके यश मिळते असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीने दाखवले. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च मिळू शकतो, परंतु बुडालेल्या मजुरीची भरपाई त्या योजनेत मिळत नाही.

मात्र थोड्या खेपांत मोठी मात्रा द्यायची, तर प्रत्येक खेपेची मोजणी करणारा माणूस हवा. तो माणूस म्हणजे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ. सकाळी रोगी येण्यापूर्वी पाण्याच्या पेटीत किंवा मापकावर किरण सोडून मात्रा बरोबर आहे का, कॅमेऱ्याचा मध्य आणि किरणाचा मध्य एका बिंदूत येतो का, हे तो तपासतो. त्याने सही केल्याखेरीज त्या दिवसाचा उपचार सुरू होऊ नये, हीच या तंत्राची शिस्त आहे. तुर्भे येथे १९६२पासून या विषयाचे शिक्षण दिले जाते, आणि १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यावाचून किरणोपचाराचे यंत्र चालवता येत नाही. जिल्हा पातळीवरील किरणोपचार विभागाची दरखास्त तयार करणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीच्या रकान्याशेजारीच या पदाच्या पगाराचा, त्याच्या मापकांच्या नियमित तपासणीचा आणि तो रजेवर असता बदली माणसाचा रकाना घालावा, आणि तो रकाना रिकामा असेल तर यंत्राची मागणी पुढे पाठवू नये.